फायफॉक्स: मोबाईल, ओळंब्याची दोरी आणि रोजची पंधरा मिनिटं

रोज थोडं विज्ञान, थोडं गणित शिकवतो म्हणणाऱ्या ॲपांची आता वानवा नाही. ब्रिलियंट आहे, खान ॲकॅडमी आहे, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या मागे दीक्षा आहे. प्रश्न येतो, उत्तर दाबायचं, बरोबर आलं की शाबासकी आणि पुढचा प्रश्न. फायफॉक्स त्या जातीचं नाही. ते काही विचारत नाही, गुण देत नाही, सलग किती दिवस आलात याचा हिशेब ठेवत नाही. उघडलं की फोनमधल्या सेन्सरांनी करायच्या प्रयोगांची लांबलचक यादी समोर येते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही आठवीच्या पुढचं पोर घरात असेल तर आमचं मत पहिल्यांदा याच ॲपला. यातला आकडा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेला नसतो. तो आपल्याच माडीवर, आपल्याच दोरीतून निघतो आणि दर वेळी थोडा वेगळा निघतो. तो वेगळा का निघाला हे शोधण्यात सगळी गंमत आहे, आणि सगळी कटकटही.

प्ले स्टोअरमध्ये शोधताना पी, एच, वाय, पी, एच, ओ, एक्स अशी अक्षरं टाका. एफने सुरुवात केलीत तर भलतंच काहीतरी हाती लागेल. 2016 साली जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी ते काढलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. आखेनही सीमेवरचंच गाव बरं का: एका अंगाला नेदरलँड्स, दुसऱ्या अंगाला बेल्जियम. तिथल्या पाट्या किती भाषांत असतात हा विषय वेगळा.

भाषेचं आधीच सांगून टाकलेलं बरं. इथे दिलेली प्रयोगांची आणि बटणांची नावं इंग्रजी पडद्यावरची आहेत, आणि मराठी माध्यमातलं पोर सुरुवातीला तिथे अडखळणारच. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, दोलनकाल म्हणजे पिरियड, वारंवारता म्हणजे फ्रिक्वेन्सी, असे वीसेक शब्द एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले की महिनाभरात काम भागतं. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीतूनच घ्यायचं असतं, तेव्हा ही मेहनत वाया जात नाही. सगळ्यात सोपा शब्द थ्रेशोल्ड. तो आपला उंबरठाच: एवढ्या आवाजाच्या खालच्याला आत घ्यायचं नाही.

खरी मेख फोनमध्ये आहे. फायफॉक्स स्वतः काही मोजत नाही, फोनमध्ये जो सेन्सर बसवलेला असेल त्याचंच वाचन दाखवतं. त्वरण मोजणारा ॲक्सिलरोमीटर आणि मायक्रोफोन जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतात. फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप मात्र स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा गाळलेला असतो. चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर कधी असतो कधी नसतो, आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर महागड्या फोनमध्येही सापडेलच असं नाही. आयफोनवर प्रकाशाच्या सेन्सरचं वाचन ॲपला मिळतच नाही, त्यामुळे तो प्रयोग तिथे विसरा. जे चालणार नाही ते यादीत फिकट दिसतं. नवा फोन घ्यायचाच असेल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारता विचारता जायरो आहे का हेही विचारा. दुकानदार हो म्हणाला तरी तपशिलाच्या कागदावर बघून घ्या. काही ठिकाणी 'व्हर्च्युअल' असं लिहिलेलं असतं. तो बाकीच्या सेन्सरवरून बांधलेला अंदाज असतो आणि लंबकाच्या प्रयोगात उघडा पडतो.

सुरुवात लंबकानेच करावी. त्यातून गुरुत्वत्वरण काढायचं, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो तो आकडा. सामान थोडं: गवंडी ओळंब्याला वापरतात तसली दोरी, फोन घट्ट बसेल अशी कापडी पिशवी, आणि वर अडकवायला झोपाळ्याच्या दोन कड्या. सुतळी नको, तिचे पीळ सुटतात आणि फोन गरगरत राहतो. पिशवीच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या बांधून त्या दोन वेगवेगळ्या कड्यांत न्यायच्या, म्हणजे फोन पुढे-मागे तेवढा झुलतो, वाकडातिकडा फिरत नाही. कड्यांच्या रेषेपासून फोनच्या मध्यापर्यंतचं सरळ उभं अंतर 1 मीटर ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. दोऱ्या तिरक्या असतात, त्यामुळे दोरीची लांबी मोजली तर आकडा जास्त भरतो. फोनच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं तर कमी भरतो. सोळा सेंटिमीटरचा फोन उभा ठेवून वरच्या कडेपर्यंत मोजलंत की 8 सेंटिमीटर गेले, आणि उत्तर 9.78 ऐवजी 9.0 येतं. पोराला 'तुझं चुकलं' म्हणू नका, नुसतं 9.0 भागिले 9.78 करायला सांगा. 0.92 येईल. मग 92 सेंटिमीटर कुठे मोजले गेले ते त्याचं तोच शोधेल.

ॲपमध्ये पेंड्युलम उघडा. वरच्या तीन टिंबांत टाइम्ड रन आहे, त्यात 5 सेकंद थांबा आणि 30 सेकंद मोजणी असं भरा, नाहीतर बटण दाबतानाचा धक्काही मोजला जातो. पंखा बंद. फोन मधल्या जागेपासून 10 सेंटिमीटर बाजूला ओढून अलगद सोडा, ढकलू नका. 1 मीटरला दोलनकाल 2.01 सेकंद यायला हवा. जी असं लिहिलेल्या भागात लांबी भरली की ॲप गुरुत्वत्वरण काढून देतं, पण ते हाताने काढण्यात जास्त मजा आहे: 39.48 ला मीटरमधल्या लांबीने गुणायचं आणि दोलनकालाच्या वर्गाने भागायचं. पुस्तकात 9.8 असतं, काही पुस्तकांत 9.81. बेळगाव 16 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ, वर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. विषुववृत्ताकडे सरकलं आणि उंच चढलं की हा आकडा किंचित घटतो, म्हणून इथला हिशेब 9.78 ला बसतो. 9.81 हा आखेनच्या बाजूचा आकडा. दोन्हींत फरक 0.3 टक्के, म्हणजे मीटरमागे 3 मिलिमीटर. घरची टेप तेवढी नेमकी नसते, त्यामुळे 9.7 ते 9.85 मध्ये काहीही आलं तर पाठ थोपटा.

आता मुद्दाम चुकायचं. फोन 10 ऐवजी 50 सेंटिमीटर ओढा. कोन 30 अंश होतो, दोलनकाल 1.7 टक्क्यांनी लांबतो, आणि वेळेचा वर्ग असल्यामुळे उत्तर दुप्पट घसरतं: 9.45. 'लहान कोनासाठीच हे सूत्र लागू' ही पुस्तकातली तळटीप परीक्षेपुरती पाठ करतात. इथे ती तीन आकड्यांत दिसते.

फोनमध्ये जायरोस्कोप नसेल तर हा प्रयोग फिकट दिसेल. मग साधा ॲक्सिलरेशनचा प्रयोग लावून आलेखावरचे ठोके मोजता येतात, पण सावध: दोरीचा ताण लंबक खालून जाताना सर्वांत जास्त असतो, आणि एका दोलनात तो दोनदा खालून जातो. आलेखावर सेकंदाला एक ठोका दिसेल, दोन सेकंदांनी नव्हे. अर्धा दोलनकाल सूत्रात घातला तर गुरुत्वत्वरण चौपट, 39 च्या पुढे येतं. गुरूवरही एवढं नाही.

दुसरा प्रयोग गोटीचा, आणि तो कोणत्याही फोनवर चालतो, कारण लागतो फक्त मायक्रोफोन. प्रयोगाचं नाव ॲकूस्टिक स्टॉपवॉच: पहिल्या आवाजाला घड्याळ सुरू, दुसऱ्या आवाजाला बंद. टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी अर्धी बाहेर काढून ठेवा, बाहेरच्या टोकावर काचेची गोटी, खाली जमिनीवर स्टीलची परात उपडी. पट्टीला बाजूने दुसऱ्या पट्टीने सटकन टोला द्यायचा. पट्टी खालून निसटते, गोटी सरळ खाली येते. टोल्याचा आवाज घड्याळ सुरू करतो, परातीचा आवाज थांबवतो. गोटीच्या तळापासून परातीच्या वरच्या अंगापर्यंत 1 मीटर असेल तर 0.452 सेकंद.

गडबड होते ती सेटिंगमध्ये. थ्रेशोल्ड फार खाली असेल तर शेजारच्या कुकरच्या शिट्टीने घड्याळ सुरू होतं. फार वर असेल तर परात वाजूनही थांबत नाही. घरात शांतता बघून 0.1 पासून सुरू करा आणि थोडं थोडं वाढवा. दुसरी कळ मिनिमम डिलेची. टोल्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, पट्टीही थरथरते, आणि घड्याळ सुरू होताच थांबतं: 0.03, 0.05 असले आकडे दिसायला लागले की हेच झालंय. तिथे 0.1 सेकंद भरा. फोन परातीजवळ ठेवू नका आणि टेबलावरही नको, मधल्या उंचीला स्टुलावर ठेवा. आवाजाला एक मीटर जायला 3 मिलिसेकंद लागतात. फोन एका टोकाला असला तर ते 3 मिलिसेकंद उत्तरात मिसळतात, मध्ये असला तर दोन्हीकडचे कटतात. दर उंचीला पाच वेळा करा आणि पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. सरासरी नको: एखादा टोला तिरका बसला, गोटी पट्टीबरोबर फरफटली, की तो एक आकडा सरासरीला ओढून नेतो, मधल्याला नाही.

मग गणित. 25 सेंटिमीटरला 0.226, 50 ला 0.320, 100 ला 0.452, 200 ला 0.640. आठवीतलं पोरही या चार आकड्यांकडे बघून सांगेल की उंची दुप्पट केली तरी वेळ दुप्पट होत नाही, पण चौपट केली की बरोब्बर दुप्पट होतो. वर्गमूळ हे नुसतं चिन्ह नाही, पडणाऱ्या गोटीला ते येतं, हे कळायला हेवढं बास. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर उंची घेतली तर वाकडी रेघ येते. वेळेऐवजी वेळेचा वर्ग घेतला की तीच सरळ होते, आणि तिचा चढ 4.89, गुरुत्वत्वरणाच्या निम्मा. लंबकातून आलेलं 9.78 आणि गोटीतून आलेलं 9.78 शेजारी शेजारी लिहून ठेवा. दोन वेगळ्या वाटांनी एकाच घरी पोचल्यासारखं होतं. चार उंच्या एका दिवसात उरकू नका, एका दिवसाला एक पुरे. पंधरा मिनिटांत पाच टोले, पाच नोंदी, परात जागेवर.

बॅरोमीटर असलेला फोन हाती लागला तर प्रेशरचा प्रयोग उघडून ठेवा, पण घाबरू नका. हवामानाच्या ॲपमध्ये 1010 हेक्टोपास्कल दिसतं आणि फायफॉक्स 926 च्या आसपास दाखवतं म्हणून फोन बिघडलेला नसतो. हवामानवाले आकडा समुद्रसपाटीला आणून सांगतात, फोन जिथे आहे तिथला सांगतो. बेळगावच्या उंचीवर दर साडेनऊ मीटरला सुमारे 1 हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे तीन मजले चढलात की तेवढा फरक स्वच्छ दिसतो. चोर्ला घाटातून गोव्याला उतरताना खिडकीशी बसून तासाभराचा आलेख काढला तर घाटाची वळणं नाही, पण उतार मात्र जसाच्या तसा येतो. चालवणाऱ्याने हे करायचं नाही, वेगळं सांगायला नको.

मॅग्नेटोमीटरचं थोडक्यात. आपल्याकडे रिकाम्या जागी 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसायला हवं. 100 च्या वर दिसलं तर आधी फोनचं कव्हर काढा, त्याच्या झाकणात लोहचुंबक असतो. तरी नाही उतरलं तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा आणि पुन्हा बघा. लोखंडी कपाट, काँक्रीटमधल्या सळ्या, मिक्सर यांच्याजवळ हा आकडा काहीही सांगतो, आणि तोही एक खेळ आहेच: फोन भिंतीवरून सरकवत सळ्या शोधायच्या.

खानापूरला कुंभाराच्या चाकावर केंद्रगामी त्वरण मोजायची कल्पना डोक्यात येणार, म्हणून सांगून ठेवतो. मिनिटाला 60 फेऱ्या आणि मध्यापासून 15 सेंटिमीटर एवढ्यावरच त्वरण 5.9 होतं आणि नुसता ठेवलेला फोन घसरायला लागतो. 120 फेऱ्यांना ते चौपट, 23.7. फोन फळीला पट्ट्याने आवळूनच बांधा. काही फोनचा ॲक्सिलरोमीटर 19.6 लाच अडतो. आलेख चढता चढता एकदम सपाट झाला तर चाक मंदावलेलं नाही, सेन्सरची मर्यादा संपली. आणि 15 सेंटिमीटर मोजायचं ते फोनच्या मध्यापासून नव्हे, आतल्या सेन्सरपासून. तो कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. त्वरण आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा आलेख काढला की त्याचा चढच ते अंतर सांगतो, हा या प्रयोगाचा सगळ्यात छान भाग. घरातल्या छताच्या पंख्याला फोन बांधायचा नाही.

नावं ठेवायला जागा आहे. फायफॉक्स शिकवत नाही. प्रयोगाच्या खाली थोडी माहिती असते, पण लंबकाचं सूत्र कुठून आलं हे कळायला दुसरीकडेच जावं लागतं. त्यासाठी खान ॲकॅडमीचे धडे फुकट आहेत. कोलोराडो विद्यापीठाच्या फेट या संचातली सिम्युलेशन्स फोनच्या ब्राउझरवरही चालतात आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत. तिथल्या लंबकाचं घर्षण शून्य करता येतं, गुरुत्व बदलून गुरूवर नेता येतं. आधी फेटवर तासभर खेळून मग दोरी बांधली तर मुलाला कळतं की खरी दोरी किती नाठाळ असते. ब्रिलियंटची मांडणी सुरेख आहे, सूत्राआधी चित्रातून विचार करायला लावते, पण ते वर्गणीचं काम आणि इंग्रजीतलं. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलाचा निम्मा वेळ वाक्य लावण्यातच जाईल. घरात कुणी शेजारी बसणार असेल तर वर्गणी काढा, नाहीतर नको.

दुसरी उणीव नोंदींची. ॲप बंद केलं आणि आकडे जपून ठेवले नाहीत तर गेले. तीन टिंबांतून एक्सपोर्ट केलं की एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल मिळते, ती फोनवरच्या शीट्समध्ये उघडते. सुरुवातीला मात्र शंभर पानी वही बरी. एक्सपोर्टमध्ये दशांशानंतर भाराभर अंक येतात आणि पोरं 9.7836214 असं सगळं उतरवून घेतात. टेप मिलिमीटरपर्यंतच मोजते, तेव्हा तिसऱ्या अंकाच्या पुढे सगळी भाजी आहे हे एकदा बसून समजावावं लागतं. वर्गात दाखवायचं असेल तर अलाऊ रिमोट ॲक्सेस वापरा. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडायचा, पडद्यावर दिसणारा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा, की फोन लंबकाला लटकलेला असताना आलेख लॅपटॉपवर उमटतो आणि सुरू-बंदही तिथूनच करता येतं. फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर नसतील तर नुसतं पांढरं पान दिसतं. दहांतली नऊ वेळा अडचण हीच असते.

लाईट असताना ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाबाहेर उभं राहून ऑडिओ स्पेक्ट्रम (आवाजात कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणारा प्रयोग) लावला तर घूं आवाजाचा सुळका 100 हर्ट्झला येतो, 50 ला नाही. वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते, पण आतला लोखंडी गाभा प्रत्येक फेरीत दोनदा ताणला जातो. इथे सॅम्पल्सचा आकडा वाढवायला विसरू नका. सेकंदाला 48000 नमुन्यांच्या गतीला 2048 घेतले तर आलेखाची एकेक पायरी 23 हर्ट्झची, 100 कुठे आहे ते सांगताच येत नाही. 32768 घेतले की पायरी दीड हर्ट्झची होते. बदल्यात आलेख दोन तृतीयांश सेकंदाने मागे चालतो.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत ज्यांच्या घरी माग आहे त्यांच्यासाठी सगळ्यात चांगला प्रयोग मात्र यादीत ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम या रुक्ष नावाखाली दडलाय. फोन जाड फडक्यात गुंडाळून मागाच्या सांगाड्याला आवळून बांधायचा, धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या) वाटेपासून आणि पट्ट्यापासून लांब, आणि बांधताना माग बंद. कॅमेऱ्याला हालचाल सावरणारी यंत्रणा असलेला महागडा फोन यासाठी वापरू नका, सततच्या हादऱ्याने ती बिघडू शकते. जुना, पडदा तडकलेला फोन उत्तम. मिनिटाला 120 ठोके टाकणारा माग असेल तर 2 हर्ट्झला सुळका हवा, आणि त्याच्या पटीत 4, 6, 8 ला लहान लहान. 118 आणि 120 मधला फरक ओळखायचा तर निदान 30 सेकंद मोजावं लागतं, कारण दोन्हींत अंतर हर्ट्झच्या तिसाव्या भागाचं आहे. पाच सेकंदांच्या मोजणीत दोन्ही एकाच सुळक्यात मिसळतात. मागवाल्याला पट्टा घसरतोय हे कानानेच कळतं, ॲप त्याला नवीन काही सांगत नाही, पण त्याच्या पोराला कानातलं ते ज्ञान कागदावर कसं उतरतं ते दिसतं.

आणि बऱ्याचदा 1 हर्ट्झलाही एक सुळका निघतो, तो चूक म्हणून पुसू नका. वरचा दांडा एका ठोक्याला एक फेरी घेतो, पण धोटा मारणारा खालचा दांडा दोन ठोक्यांना एक: एकदा डावीकडून मार, एकदा उजवीकडून. दोन मारांत फरक असला की निम्म्या वारंवारतेचा सुळका उभा राहतो. फोन एका टोकाला बांधला असेल तर जवळची मार मोठी आणि लांबची लहान लागते, त्यामुळे तो उगाच उंच दिसतो. फोन सांगाड्याच्या मध्यावर हलवून पुन्हा 30 सेकंद मोजा. त्यानंतरही जेवढा उरेल तेवढा मागाचा.